आधी गॅलरी, मग कठडा

बारा जुलैला दुपारी चारच्या आत कॉलेजच्या फीचे अठ्ठेचाळीस हजार तीनशे पन्नास भरायचे होते. पैसे तयार होते. भाचीचं मन तेवढं तयार नव्हतं, पण ते आत्याला कुठे ठाऊक?

आत्या आर्किटेक्ट. मूलबाळ नाही. एकटीच्या हिमतीवर उभं केलेलं ऑफिस पुढे भाचीने बघावं, ही एकच आस. भाचीला घरात भुंगा म्हणत, कारण कुठलीही गोष्ट पोखरल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आर्किटेक्चर आणि सिव्हिल इंजिनिअरिंग, दोन्हीकडे तिचा नंबर लागला होता. आत्याचं मन मोडू नये म्हणून तिने फॉर्मवर आर्किटेक्चरपुढे खूण केली होती.

आत्याची एक खोड होती. नवख्या माणसाला ती पुठ्ठ्याचं घर करायला लावी, पुढे काढलेल्या गॅलरीसकट, आणि त्याचा हात आधी कुठे जातो ते चहा पिता पिता चोरून बघे. आजवर सगळ्यांचा हात कठड्याकडे गेला होता. त्या सकाळी तिने हौसेने भुंग्यालाही बसवलं.

थोड्याच वेळात गॅलरी झुकली. ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनने नेहमीप्रमाणे खालून आधाराला पारदर्शक पट्टी पुढे केली. गिऱ्हाईक काही वाकून बघत नाही, म्हणाला. भुंग्याने पट्टी बाजूला सारली. कठड्याला हातच लावला नाही, भिंत कापली, गॅलरीचा पुठ्ठा पार खोलीच्या आतपर्यंत नेला आणि त्यावर भिंत पुन्हा चिकटवली. गॅलरी सरळ राहिली. मग तिच्यावर खोडरबर ठेवलं, मग स्टेपलर, मग आत्याचा चष्मा.

चष्मा शोधत आत्या तिथे आली.

"कठडा कुठाय गं?"

"नंतर लावू. आधी ही पडते कधी ते बघू दे."

जी खुर्ची मनातल्या मनात भाचीला देऊन टाकली होती, तिच्यावरच आत्या टेकली. चष्मा उचलून तिने गॅलरी खालून न्याहाळली.

"फॉर्म बदल, बये."

"आणि तुझं ऑफिस?"

"त्यालाही गॅलरी सांभाळणारं माणूस लागतंच. आत्ता येतो तो इंजिनिअर फार भाव खातो."

फॉर्म बदलेपर्यंत चार वाजून गेले. उशिराचा दंड दोनशे पन्नास. बाबांनी मोजून पैसे दिलेले, म्हणून वरचे आत्याने पर्समधून काढले आणि उसने आहेत म्हणून बजावलं.

आता आत्याच्या घरांचे सगळे खांब, तुळया भुंगाच बघते. कठड्यांवरून दोघी अजून भांडतात.

ते दोनशे पन्नास द्यायचे राहिले आहेत.