हिरामावशीचा वर केलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही.

मी हळदी-लग्नांचं शूटिंग करतो. मुरबाडपासून टोकावड्यापर्यंत कुणाच्याही घरी विचारा, एखादं तरी लग्न माझ्या हातचं निघेल. आमच्या धंद्यात एक गोष्ट सर्रास चालते. अक्षता पडताना नवरीचा मामा बाहेर गाडी लावत बसलेला असतो. मग वरातीतलं त्याचं हसणं उचलायचं आणि अक्षतांच्या वेळी लावायचं. मामा खूश, घरचे खूश. यात कुणाचं काय जातं? — असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. सवयीवर खापर फोडत नाही हं. हाताला वळण कुठून लागलं, एवढंच सांगतोय.

हिरामावशी डोंगरातल्या वरच्या वाडीची. पावसाच्या तोंडाला शेवळांच्या रानभाजीच्या जुड्या घेऊन ती आमच्या बौद्धवाडीत उतरायची आणि आईशी ओट्यावर गप्पा मारत बसायची. मला तिने रांगताना पाहिलेलं. अजून ‘बाला’च म्हणते.

तिच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. रेशन घ्यायचं तर दुकानदार अंगठ्याचं मशीन घेऊन टेपाडावर चढतो, आणि त्याच्या मागून सगळी वाडी चढते, म्हातारीकोतारीसुद्धा. रेंज आली तर अंगठा लागतो, अंगठा लागला तर तांदूळ मिळतो. नाही लागला तर उद्या पुन्हा चढायचं. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यातलं कुणी कधी ते टेपाड चढलं असेल का?

मग कंपनी आली. वाडीच्या वरचा, झऱ्याला लागून असलेला माळ तिला हवा होता. आमच्या पुढाऱ्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. ते सांगायचे, हे डेटा सेंटर आहे, जगभरातले फोटो आणि व्हिडिओ साठवायचं गोदाम. त्यातली मशीनं तापतात, ती गार ठेवायला पाणी लागतं. आणि उन्हाळ्यात वाडीला त्या झऱ्याशिवाय दुसरं पाणी नाही. जमीन द्यायची तर ग्रामसभेची मंजुरी हवी, आणि सभेचं शूटिंगही हवं. ते काम माझ्याकडे आलं.

सभेत दोन गोष्टी विचारल्या. आधी विचारलं, वाडीत टॉवर कुणाला हवा? सगळे हात वर. मावशी पुढेच बसली होती. तोंडभर हसत तिने सगळ्यांत आधी हात वर केला. मग विचारलं, माळ कंपनीला द्यायचा का? एक हात हलला नाही. मावशी उठली. “टॉवर पायजे, पन झरा नाय देनार आमी. रेंज पिऊन जगायचं का रे?” सभा हसली. भाऊही हसले. कॅमेऱ्यामागे मीही हसलो, मला तिचा अभिमानच वाटला.

पुढे भाऊंनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत, धमकावलं नाही. धमकावलं असतं तर आज सांगायला बरं पडलं असतं — नाही का? चहा दिला आणि म्हणाले, “तेवढं जमवून दे.” पक्षाच्या सगळ्या कार्यक्रमांचं शूटिंग मला मिळणार होतं. ड्रोन येणार होता. मी घरी आलो आणि जमवलं. टॉवरसाठी वर झालेले हात उचलले आणि माळाच्या प्रश्नानंतर लावले. मावशीचं बोलणं काढून टाकलं. मागच्या लोकांच्या नुसत्या पाठी आणि हात ठेवले.

इथवर आलो तरी टाळतोय बघा. त्या व्हिडिओत चेहरा एकच दिसत होता — तिचा. भाऊंनी तिचं नावही काढलं नव्हतं. कुणाचाच चेहरा दाखवला नसता तरी भागलं असतं. पण उजेड तिच्यावर छान पडला होता. आणि मला ठाऊक होतं, उद्या भांडायला उठेल ती हीच. हिचं तोंड बंद झालं की बाकीचे गप्प बसतील. एवढा विचार मी केला होता, माझा मी.

माळ द्यायला ग्रामसभेची मंजुरी झाली असं कागदावर आलं, तशी वाडीने तक्रार केली. सुनावणीत पडद्यावर माझा व्हिडिओ लावला. वाडीतली माणसं आधी पडद्याकडे बघत होती, मग मावशीकडे बघायला लागली. ती उभी राहिली. मला वाटलं, आता ही कचेरी डोक्यावर घेणार. पण ती स्वतःच्याच हाताकडे, स्वतःच्याच हसण्याकडे बघत राहिली. मग तिने मला शोधलं. “बाला, तू व्हतास ना तिथं. तू सांग, झरा द्यायला मी हात वर केला का रे?”

सुनावणी घेणारे साहेब माझ्याकडे बघत होते. भाऊही बघत होते. एक ‘नाही’ पुरलं असतं. मी म्हणालो, “व्हिडिओत आहे तसंच, मावशी.”

मावशी म्हणालो मी तिला!

ती खाली बसली. शेजारणीला हळूच म्हणाली, “मंग केला असंल. मशीन कशाला खोटं बोलंल? माजंच ध्यान नसंल.”

आता माळाला कुंपण आहे, झरा कुंपणाच्या आत आहे. वाडीला टँकर येतो — आला तर. टॉवर आलाच नाही. मूळ शूटिंग मी तेव्हाच पुसून टाकलं. आज चौकात उभा राहून ओरडलो तरी दाखवणार काय? भाऊ म्हणतील, विरोधकांनी फितवला, आणि लोकांना ते पटेल. वाडीत म्हणतात, हिरा विकली गेली. वाडीतली लग्नं ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लावायची, आता तिला कुणी बोलावत नाही. मी मात्र जातो. ड्रोन घेऊन.

गेल्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली होती. हातात काही नव्हतं. ओट्यावर बसून आईला म्हणाली, “माज्यामुलं वाडीचं पानी गेलं गो,” आणि रडायला लागली. वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन ती हेच सांगून आली होती. आईने मला हाक मारली. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलो. ती घटाघटा प्यायली. तोंड पुसून म्हणाली, “बाला, तू तरी माज्यावर राग धरू नको.”

मी म्हणालो, “नाही धरला, मावशी.”

म्हणजे मी तिला क्षमा केली. तिला बरं वाटलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवून ती डोंगराकडे चालू लागली.