मागची सीट

माझ्या गाडीचं वजन मी एका आठवड्यात चांगलं साठ-पासष्ट किलोंनी उतरवलं. खर्च जवळजवळ शून्य, निम्मं काम माझ्याच हातचं. शाळेतल्या स्टाफरूममध्ये मी हे बरेच दिवस तोऱ्यात सांगत होते. आता कुणी गाडीचा विषय काढला की मी वह्या तपासायला घेते.

मी कोल्हारला राहते आणि नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पाट्यांवरचं नाव बदललं, तरी आमच्या तोंडात अजून नगरच येतं. जाऊन-येऊन शंभरच्या वर किलोमीटर होतात. रस्त्याबद्दल या भागातल्या माणसाला काही सांगायला नको. उसाचा हंगाम सुरू झाला की पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं आपण, आणि दुसऱ्या गिअरवर राहुरी कधी येते याची वाट बघायची. माझी गाडी लहान, पेट्रोलवरची, आणि आमच्याकडे येण्याआधी दोन घरं फिरून आलेली. मी बसनं जावं असं नवऱ्याचं मत होतं. मला मात्र ती गाडीच हवी होती. घरात सासूबाईंचा टीव्ही सकाळी सहाला सुरू होतो. शाळेत एकेका वर्गात साठ-साठ पोरं. माझ्याशी कुणी बोलत नाही आणि मला कुणाशी बोलावं लागत नाही, असा दिवसातला वेळ एकच, गाडीतला. तेवढ्यासाठी मी चाळिशी उलटल्यावर क्लच-ब्रेक शिकले. हे कारण मी घरात कधी सांगितलं नाही, कारण ते ऐकून सगळे हसले असते.

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या मावशींच्या किडन्या निकामी झाल्या. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणते. मुलगा ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. घरात सून, दोन लहान पोरं आणि एक गाय. डायलिसिससाठी जवळच्या दवाखान्यात जागा मिळेना, नगरला मिळाली. मंगळवार आणि शुक्रवार. सून संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुमी रोज जाताच, आईंना न्याल का?" मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "अगं, विचारायचं काय त्यात!" मी मुलखाची भिडस्त. भीड भिकेची बहीण, असं माझी आई मला उद्देशून म्हणायची.

मावशी मागच्या सीटवर बसायच्या. पुढं बसलं की ट्रॉल्या अंगावर आल्यासारख्या वाटतात, म्हणायच्या. येताना तर मागची सीट लागायचीच. चार तास मशीनवर काढल्यावर त्या पार गळून जायच्या, पाय पोटाशी घेऊन आडव्या व्हायच्या. पण आडवं झालं तरी तोंड सुरूच. गाडी गावाबाहेरच्या पुलावर आली की त्यांचं सुरू व्हायचं, ते थेट दवाखान्याच्या फाटकापर्यंत. कुणाच्या चाळीत कांदा सडला, कुणाची सून भांडून माहेरी गेली, कुणी बांध कोरला, लहानपणी त्यांच्या आजोळच्या विहिरीचं पाणी कसं गोड लागायचं. त्या विहिरीची गोष्ट मी किमान वीस वेळा ऐकली. "ऐकतीस ना गं?" असं मध्ये मध्ये विचारायच्या. मी "हो हो" म्हणायचे आणि स्टिअरिंग घट्ट धरायचे.

"मावशी, आज जरा शांत बसू या का?" एवढं एक वाक्य. मी ते अंघोळ करताना घोकून बघितलं आहे. पण आजारी बाईला असं कसं म्हणायचं? आणि माझा राग तर आतल्या आत शिजणारा. मंगळवार उजाडला की मी सकाळी चहा घेतानाच चिडलेली असायचे, आणि नवऱ्याला वाटायचं चहात साखर कमी पडली.

त्याच सुमाराला नवरा म्हणाला, गाडीचा ॲव्हरेज फार पडला आहे. मी म्हटलं, वजन कमी करू. वस्तुमान कमी तर ओढायला लागणारं बळ कमी, हे तर मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. रविवारी डिकी रिकामी केली. पाण्याचे दोन भरलेले कॅन, रद्दीचा गठ्ठा, चाकाला लावायचा लाकडी ओंडका, नवऱ्याची लोखंडी पेटी आणि कधीतरी राहिलेलं बाजरीचं अर्धं पोतं. मग टपावरचं कॅरिअर उतरवलं. ते आधीच्या मालकानं बसवलेलं, चांगलं दणकट. "नाकापेक्षा मोती जड," असं म्हणत नवऱ्यानं एक टोक धरलं. निघालेली प्रत्येक वस्तू आम्ही कांदा मोजायच्या काट्यावर ठेवून बघितली. खरं सांगते, मजा आली. तिथंच थांबले असते तर हा सगळा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

पुढच्या रविवारी मी गॅरेजच्या मिस्त्रीला घरी बोलावलं. स्टेपनी काढू का, असं विचारलं. तो म्हणाला, "बाई, ह्या रस्त्यानं जाता आन् स्टेपनी काढता? काय बी बोलता. चाकात हवा कमी हाय, ती भरा आधी." त्यानं हवा भरली. मग मी म्हटलं, मागची सीट काढा.

मावशी समोर त्यांच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी मुद्दाम आवाज चढवला. "गाडीला लोड झेपत नाही हो, मिस्त्री. इंजिन जायचं एखाद्या दिवशी." मिस्त्री बिचारा सरळ माणूस. "कशाचा लोड? इंजिन तुमचं ठणठणीत हाय," असं तोही तितक्याच मोठ्यानं म्हणाला. मी त्याला तिथंच तोडलं. लेकी बोले सुने लागे, हा प्रकार मी इतका उघड उघड कधी केला नव्हता. सीट निघाली, ती काट्यावर बावीस किलो भरली. खाली नुसता रंगवलेला पत्रा राहिला.

मावशींनी सूप खाली ठेवलं. "काढ गं, काढ," त्या ओट्यावरूनच म्हणाल्या. "मशीन हाय ती, तिला तरी किती वढाया लावायचं. मी जाईन यष्टीनं. लई यष्ट्या हायेत." मी म्हटलं, "अहो मावशी, पुढं बसा की, तुम्हाला कुठं नाही म्हणतेय?" येताना त्यांना आडवं व्हावं लागतं हे मला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर मी तसं म्हणू शकले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

पुढचे दोन महिने मला माझा दीड तास परत मिळाला. तो छान गेला नाही असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? काच थोडी खाली करून मी निवांत जायचे. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी मी दहा मिनिटं लवकर निघू लागले, कारण माझ्या नेहमीच्या वेळेला मावशी स्टँडवर असणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. एकदा तरीही त्या दिसल्याच. पिशवी मांडीवर घेऊन कडेच्या दगडावर बसल्या होत्या. त्यांनी मला बघितलं आणि हातानं खूण केली, जा, जा, उशीर हुईल. मी हॉर्न वाजवला आणि गेले.

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांची सून पळत आली. तिच्या पायात चप्पल नव्हती. "ताई, आईंना दम लागलाय. श्वास घेता येईना." मी धावत गेले. मावशी खाटेवर ताठ बसल्या होत्या, चेहरा सुजलेला, डोळे फुगून बारीक झालेले, आणि छातीतून घरघर. आडवं केलं की गुदमरायच्या. नवऱ्यानं आणि मी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. सून मागं चढली. बसायला तिथं काहीच नव्हतं. ती पत्र्यावर गुडघे टेकून बसली, मागून हात घालून तिनं सासूचे दोन्ही खांदे धरले. आणि मी चावी फिरवत असताना ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "ताई, दोघींचा लोड व्हईल का गाडीला? न्हाईतर मी उतरते."

मी गाडी काढली. जवळच्या दवाखान्यापर्यंत वीस मिनिटं लागली. प्रत्येक खड्ड्यात तिचे गुडघे पत्र्यावर आपटत होते, ते मला ऐकू येत होतं.

तिथल्या डॉक्टरांनी मावशींना तातडीनं मशीनवर घेतलं आणि बाहेर येऊन आम्हाला फैलावर घेतलं. आठवड्यातून दोनदा सांगितलेलं, एकदाच का केलं? सून खाली मान घालून उभी होती. मग हळूच मला म्हणाली, "शुक्रवारच्या जातच नव्हत्या त्या. यष्टीत येताना जागा मिळायची न्हाई. दोनदा गरगरून पडल्या. मंग म्हनल्या, दोनाचं एक करते, कुनाला सांगू नको." नववीच्या पोरांना उत्सर्जन संस्था मी शिकवते. फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती इतकी सुबक काढते की पोरं मोबाईलवर फोटो घेतात. डायलिसिसची फेरी चुकली की शरीरात काय साचतं, फुप्फुसात पाणी कसं चढतं, हे मला पाठ होतं. आणि दोन महिने मी समोरच्या घरात एकदाही विचारायला गेले नव्हते, कारण विचारलं असतं तर न्यावं लागलं असतं. मला स्वतःची किळस आली. अजूनही येते.

मावशी वाचल्या. मी दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावून सीट परत बसवून घेतली. बोल्ट आवळता आवळता तो म्हणाला, "ॲव्हरेज वाढला म्हनत व्हता ना, त्यो हवेनं वाढला बाई. शिटानं काय हुतंय?" नवरा शेजारी उभा होता. बावीस किलोंसाठी मी हे केलं असं त्याला वाटत होतं, आणि मी ते तसंच वाटू दिलं.

पहिल्या मंगळवारी मी स्वतः मावशींना हात धरून मागच्या सीटवर बसवलं. राहुरी मागं पडली. मग माझ्यानं राहवेना. मी आरशात न बघता म्हणाले, "मावशी, लोडबिड काही नव्हतं हो. मी खोटं बोलले."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मिस्त्री म्हनला की तवाच." मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्या अंगाचा वास येतोय तुला. ह्या दुखन्यात येतो म्हनत्यात. रोज दोनदा आंगूळ करायचे बग. सुनंला म्हनायचे, हुंगून बग गं, येतोय का."

मी गाडी कडेला घेतली. मला रडू आवरेना. "नाही हो मावशी, वास कसला! तुम्ही बोलता ना सारखं... मला थोडं शांत लागतं. बास, एवढंच. मला ते तोंडावर सांगता आलं नाही."

मावशींना चक्क हसू आलं. सुटल्यासारखं हसल्या. "बोलन्याचं व्हय? येवढंच? आगं बये, मंग म्हनायचं, मावशी, गप बस. मी काय रागवले असते?" त्यांनी मागून पुढं वाकून पदरानं माझे डोळे पुसले. "दिवसाला तांब्याभर बी पानी देत न्हाईत गं मला. घशाला कोरड पडती, जीव निस्ता पान्यापान्यात ऱ्हातो. बोलत बसलं की तहान इसरते. म्हून आपली बडबड. जाऊ दे, चल, उशीर हुईल तुला."

त्या दिवसापासून मावशी गाडीत एक अक्षर बोलत नाहीत. मंगळवारी नाहीत आणि शुक्रवारीही नाहीत. मी नाना युक्त्या करते. मुद्दाम कांद्याचा विषय काढते, गल्लीतलं भांडण काढते, आजोळच्या विहिरीला पायऱ्या होत्या की रहाट होता, असं विचारते. "रहाट," त्या म्हणतात आणि थांबतात. कधी बाहेर काहीतरी दिसतं, ओठ हलतात, पण लगेच मिटून घेतात. मागच्या शुक्रवारी मी अगदी काकुळतीला येऊन म्हटलं, "मावशी, बोला ना हो काहीतरी."

"नगं गं," त्या म्हणाल्या. "तुला शांत लागतं." आणि पदराचं ओलं टोक ओठांना लावून खिडकीबाहेर बघत बसल्या.