सरकारांच्या तोंडानं

एरवी शिवपुत्र म्हणजे गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीची पोती मांडून बसणारा गडी. दसऱ्याच्या सांजेला मात्र करंजमाळ गावात तोच सरकार. जहागीर कधीच गेली, सरकार कोल्हापुरात बंगला बांधून राहिले. पण सोनं लुटताना गावात ते पाहिजेतच, म्हणून त्यांची पगडी जीपमधनं यायची. आधी शिवपुत्राच्या बापानं घातली, मग त्यानं. पगडी डोक्यावर असेस्तोवर तो कुणापुढं वाकायचा नाही. उलट त्याची जन्मदाती म्हातारी अव्वा त्याच्या पाया पडायची.

माळावर आपट्याच्या ढिगापाशी उभं राहून तो विचारायचा, "बोला, गावाचं काय मागणं?" पगडीखालनं आलेलं उत्तर म्हणजे सरकारांचा शब्द.

"सरकारच्या जवळ आलं की शिंका येत्यात बगा," शेरडं राखणारी बाळाबाई म्हणायची. गाव हसायचं.

अठ्ठ्याण्णवच्या साली हसणं थांबलं. गावाची शेरडं चरायची तो माळ कागदावर अजून सरकारांचाच, आणि तो कुणा कारखानदाराला विकणार अशी कुणकुण. शिवपुत्र एसटीनं कोल्हापूरला गेला. आता कारभार बघणारे धाकटे सरकार व्हरांड्यात कुत्र्याला बिस्कीट चारत होते.

"शिवपुत्र, तुम्ही म्हणजे आम्हीच की," त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माळ गावाचाच. सांगा आमच्या तोंडानं."

परतीच्या वाटेवर त्या खांद्याला त्यानं पिशवीसुद्धा अडकवली नाही.

दसऱ्याला बाळाबाईनंच विचारलं, "सरकार, माळ ऱ्हातोय न्हवं?"

"ऱ्हातोय. आमचा शब्द हाय."

गावानं चांगभलं केलं.

संक्रांतीला माळावर खांब आले, मागोमाग काटेरी तार. शिवपुत्र पुन्हा कोल्हापूरला गेला, तर फाटकावरच्या माणसानं आतनं निरोप आणला, "व्यवहार दसऱ्याच्या आधीच झालाय म्हणं. औंदा पगडी पाठवतोच म्हणालेत."

गावानं शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. बाळाबाईनं नुसती त्याच्याकडची मिरची घ्यायची सोडली.

"सांगा की लोकास्नी, त्यांनी फशिवलं म्हणून," बायको शिवम्मा म्हणाली.

"कुणाच्या तोंडानं? माज्या? माज्या तोंडाला कवा किंमत हुती?"

दसऱ्याला जीप आली. तो पगडी परत धाडणार असं शिवम्माला वाटलं. त्यानं ती घातली, चांगली दाबून. ढीग आता तारेच्या अलीकडं, गाडीवाटेवर होता.

"बोला, गावाचं काय मागणं?"

बाळाबाई उसळली, "काय मागायचं? शेरडं कुटं चारू? तुमच्या पगडीवर?"

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

"आमी सरकार बोलतोय," शिवपुत्र म्हणाला. "माळ आमी इकला. गेल्या दसऱ्याच्या आदीच इकला, आनि ह्या शिवपुत्राला खोटं सांगून तुमच्याफुडं हुबा केला."

जीपच्या ड्रायव्हरचा तंबाखू मळता हात थांबला. शिवपुत्र पगडीसकट वाकला आणि त्यानं बाळाबाईच्या पायांना हात लावला.

ती मागं सरली नाही. "सरकारचं कळलं. आता ते काड, आनि तुजं काय ते तुज्या तोंडानं सांग."

त्यानं पगडी तारेच्या खांबावर ठेवली. उघड्या डोक्यानं तो तिच्याकडं वळला.

"तुमी म्हंजे आमीच, म्हनला गं अक्का," तो म्हणाला. "मला ते लई ग्वाड लागलं. फुडचं काय इचारलंच न्हाय मी."

बाळाबाईनं ढिगातलं एक पान उचलून त्याच्या हातावर टेकवलं. मग ड्रायव्हरकडं वळून म्हणाली, "पावणं, खांबावरचं न्या ते. शेरडं खातील."