घासलेली तार

"तार कोणी घासली ही?"

सरांनी माझी नळी उचलून शाळेच्या प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्यांसमोर धरली. नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार लखलखत होती. मी म्हटलं, मी आणि आईनं. सर हसले. मग पाहुणे हसले. मग माझ्या वर्गातली नलू हसली, तोंडावर हात ठेवून, चांगल्या घरच्या मुली हसतात तशी.

"हिची आई भांडी घासते," सर पाहुण्यांना म्हणाले. "पोरीनं तारसुद्धा घासून आणली."

मी बटण पुन्हापुन्हा दाबलं होतं. तार तापली, बोटाला चटका बसला, पण नळीतला खिळा जागचा हलला नाही. शेजारच्या टेबलावर नलूचा खिळा मघाशीच नळीतून सुटून भिंतीवर आपटला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांनी माझ्या पोटात जे दुखलं ते अजून दुखतं.

शाळा बोईसरची. पासष्टची लढाई नुकतीच संपली होती, पोरांच्या तोंडी नुसत्या तोफा. तारापूरला अणुवीजघर उभं राहत होतं. माझा बाप तिथं खडी वाहायचा. सालवडच्या अलीकडे आमचा पाडा, तिथं दिवा रॉकेलचा. प्रदर्शनासाठी सरांनी विजेची तोफ करायला सांगितली. नळीवर तार गुंडाळायची, तारेत वीज सोडायची. तारेचं लोहचुंबक होतं, ते खिळ्याला ओढतं, झटकन बटण सोडलं की खिळा पुढे उडतो. ज्या मुलींची तोफ चालेल त्यांना नववीला शास्त्र. बाकीच्या मुलींना गृहशास्त्र. मला शास्त्र हवं होतं. बाप ज्या विजेसाठी खडी वाहतो ती आहे तरी काय, ते मला कळायला हवं होतं.

मुलींतून आम्ही दोघीच तयार झालो, मी आणि नलू. नलूच्या बापाची एडवणला नारळाची वाडी, बोईसरला घर, दारात जीप. त्या घरी माझी आई भांडी घासायची. मागच्या दारी, विहिरीजवळ. आईनं घासलेल्या भांड्यांवर नलूची आई पुन्हा पाणी ओतायची आणि मगच ती आत न्यायची. आईचा हात लागलेला असायचा ना.

मी नलूवर जळायचे. सरळ सांगते, जळायचे. तिच्या कंपासपेटीवर, तिच्या रिबिनीवर, तिच्या वहीच्या कोऱ्या वासावर. पण सगळ्यात जास्त जळायचे ते तिच्या ओट्यावर. संध्याकाळी सर त्या ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि नलूला तोफ समजावून सांगायचे. लागेल तेव्हा तिचा बाप जीपची बॅटरी काढून द्यायचा. ती रोज खिळा उडवून बघायची. मला बॅटरी मिळणार होती ती थेट प्रदर्शनाच्या दिवशी, शाळेत.

तार मात्र दोघींना सारखीच मिळाली. शाळेची.

मी ती घरी आणली तर काळपट, मळकट लाल. आईनं हातात घेऊन पाहिली.

"तांब्याची हाय ना ही? मग अशी काळी नेशील पावन्यांम्होरं? आमची लाज काडशील."

तांबं काळं राहिलं की बाई ओरडते, हे आईनं जन्मभर ऐकलेलं. आम्ही तार दोन खांबांना ताणून बांधली. राख घेतली, बारीक रेती घेतली आणि मायलेकी घासत सुटलो. तार सोन्यासारखी निघाली. मनात म्हटलं, आता बघ नलू. तुझी तार काळी, माझी कशी झळकते. मग बांबूच्या नळीवर वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळली. एकही वेढा सैल नाही.

आणि प्रदर्शनात हे झालं.

हसून झाल्यावर पाहुण्यांचा चहा झाला. सरांनी उष्ट्या कपबशांचा ट्रे माझ्या हातात दिला. "जा, एवढं धुऊन आण. तुझा हात चांगला आहे. आणि नववीला गृहशास्त्र घे, तुला ते जमेल."

मी ट्रे घेऊन नळावर गेले. सवय वाईट. कुणी भांडं पुढं केलं की आमचे हात आपोआप पुढं होतात. नळ सोडला. पहिली बशी पाण्याखाली धरली. आत पुन्हा टाळ्या वाजल्या. नलूचा खिळा पुन्हा उडाला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नळ बंद केला. ट्रे उचलला. तसाच, उष्टा. आत गेले आणि पाहुण्यांच्या समोर, माझ्या तोफेशेजारी ठेवला.

"कप धुनार नाय मी," मी म्हटलं. "तार का घासायची नाय, ते सांगा सर."

सर एकदा पाहुण्यांकडे बघतात, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाले, तारेवर रोगण असतं, तोच तो काळपट लाल थर. त्या रोगणामुळे वीज एका वेढ्यातून दुसऱ्यात उडी मारत नाही, सगळे वेढे फिरून जाते. रोगण गेलं की तोफ मेली.

"हे मला का नाय सांगितलं?"

"नलूच्या घरी सांगितलं होतं मी. ओट्यावर. तू नव्हतीस."

"मी होते सर. मागच्या दारी. आईसंगं भांडी घासत होते."

सरांनी मान फिरवली. नलू आता हसत नव्हती. पाहुणे उठले, चपला शोधू लागले. कुणी माझी बाजू घेतली नाही आणि मला ती नकोही होती.

घरी आईला सांगितलं, उद्यापासून मी त्या विहिरीवर येणार नाही. आई चिडली. म्हणाली, मिजास आली तुला, खाशील काय? मी म्हटलं, मार हवं तर, पण येणार नाही. तिनं मारलं. मी गेले नाही.

नववीला माझं नाव गृहशास्त्रात घातलं. पहिल्या दिवशी मी शास्त्राच्या वर्गात गेले आणि पहिल्या बाकावर बसले, नलूच्या शेजारी. ती सरकली. मीही सरकले, तिच्याकडे. सर म्हणाले, ऊठ. मी उठले नाही. म्हटलं, का उठू ते पाहुण्यांना बोलावून त्यांच्यासमोर सांगा.

नलूवर मी आजही जळते. ते जळणं मी विझू दिलं नाही, देणारही नाही. तिच्या ओट्यावर जे सांगितलं गेलं ते माझंही होतं. माझं जे आहे ते मी यापुढे मागच्या दारी उभी राहून ऐकणार नाही. पुढच्या दारानं जाईन. बसेन. उठवायला या.