संजीवनीचं भिरभिरं

संजीवनी माही सख्खी लहान बहीण हाय. हे पहिलेच सांगून टाकतो, नाईतर मंग कोणी म्हणन, भाऊ हाय म्हणून फुगवून सांगून राह्यला. हो, भाऊच हाय, अन फुगवूनच सांगून राह्यलो. डोणगावच्या बसस्टँडामागं तिचं मोटार वाइंडिंगचं दुकान हाय. विहिरीतली मोटार जळाली का लोकं तिच्याकडंच आणते. दहावीनंतर शाळा सुटली तिची, पण झाकण उघडायच्या आंधी नुसत्या वासावरून सांगते का तार जळाली का बेअरिंग गेलं. एकदा पाहाले आलेल्या पाव्हण्यानं इचारलं, "पोरगी घरी बसून काय करते?" ती म्हणे, "घरी बसतच नाई." पाव्हणे चहा पिऊन निंगून गेले.

तर यंदा उन्हाळी ज्वारी पेरा, असा हट्ट बापाजवळ तिनंच धरला होता. शिवारात बाकी साऱ्याचा मका नाईतर भुईमूग. ज्वारी एकट्या आमच्या बापाची, उकंडरावची. कणसं दुधात आली अन साऱ्या मुलखातले राघू, चिमण्या त्या एकाच वावरात उतरले. गोफण फिरवून बापाचा खांदा गेला. एक दिवस जेवता जेवता तो म्हणे, "शनिवारी इळा लावतो. ढोरं तरी खातीन."

संजीवनीचा घास तसाच राह्यला. पेरा म्हणणारी तीच होती ना.

"तवरक वावर मले द्या, बाबा," ती म्हणे. "पाखरं मी उडवते."

आमच्याकडं पाखरासाठी वावरात भिरभिरं लावते. कूलरचा जुना पंखा बांबूवर बसवाचा, त्याले साखळीचा तुकडा बांधाचा, मागं एक जुनं ताट ठोकाचं, वारा आला का साखळी ताटावर वाजते. तिनं पत्र्याचे सहा रुंद पाते कापले अन सुपासारखे वाऱ्याच्या तोंडावर सरळ धरून बसवले. वाऱ्यानं बांबू हालला, पाते काई फिरले नाई. मंग थोडे तिरपे केले. तवा फिरले, पण कसे, जसा सासऱ्याच्या घरी जेवलेला जावई चालते. राघू त्याच्या बांबूवरच बसून कणसं सोलत होते.

ती दुकानात येऊन बसली अन वर पाहू लागली. मागच्या वैशाखात वावधन, मोठं वादळ, आलं होतं तवा याच दुकानाचा पत्रा उडाला होता, वर ठेवलेल्या गोट्यासकट. शटर बंद, खिडकी बंद. आत वाऱ्याले शिराले जागा नाई, मंग पत्रा खालून ढकलला कोणी? तिचं डोकं तिथंच अडकलं. कोणीच ढकलला नाई. वारा वरून सुसाट गेला, वरचा दाब कमी झाला, अन आतल्या हवेनं पत्रा वर उचलून देल्ला.

म्हंजे वारा नुसता ढकलतच नाई. तो ओढते बी.

मंग तिनं पाण्याच्या जाड पाइपाचे उभे फाके केले. एका बाजूनं फुगीर, एका बाजूनं खोलगट. पुढची कोर गोल घासली, मागची पातळ. वारा फुगीर पाठीवरून जोरात सरकते, तिकडचा दाब कमी होते, पातं तिकडं ओढल्या जाते. अन जाता जाता पातं वाऱ्याले एकीकडं वळवते, मंग वारा बी पात्याले दुसरीकडं रेटते. सारी करामत एवढीच. पातं वाऱ्यासंगं पळत नाई, वाऱ्याले आडवं पळते. म्हणून तर त्याचं टोक वाऱ्याच्या बी पुढं जाते. टोकाची धाव जास्त, म्हणून बुडाशी पातं जास्त तिरपं अन टोकाले जवळजवळ चपटं. पाते जोडाच्या मधातल्या लोखंडी तव्याले पहिलेचे सहा भोकं होतेच. तिनं एकाआड एक सोडून तीनच पाते बसवले. मागं पत्र्याची शेपटी लावली, वारा जिकडून येईन तिकडं तोंड फिरवाले.

शुक्रवारी दुपारी ते बांबूवर चढलं. शेजारच्या वावरातले भगवंतराव धुऱ्यावर, मधातल्या बांधावर, येऊन उभे राह्यले.

"तीनच काड्या? दात कोराले का, संजू?"

"काका, तुमच्यापाशी दात किती उरले ते सांगा, मंग कोरू."

उकंडराव कडुनिंबाखाली इळ्याले धार लावत होता. त्यानं मान वर केली नाई. वाऱ्याची झुळूक आली, गेली. पाते हालले नाई.  शेवटी संजीवनीनं काठीनं एका पात्याले जरासा धक्का देल्ला, अन पुढच्या झुळकीनं त्यानं वारा पकडला. साखळी ताटावर अशी खणखणली का अख्खं वावर उडाल्यासारखं वाटलं. हिरवी चादर झटकावी तसे राघू उठले. भगवंतरावचं तोंड उघडं ते उघडंच.

अन तेवढ्यात वावधन आलं.

साखळी तुटली, ताट कुठच्या कुठं गेलं. आता भिरभिऱ्यावर कायचाच भार नाई. पाते दिसनासे झाले, नुसतं धुरकट चाक राह्यलं, अन आवाज असा जसा रिकामी मोटार सुटली. संजीवनी खालीच उभी होती. तिले समजत होतं का हे असंच वाढत जाईन, अन थांबवाचं कसं याचा आपण इचारच केला नाई.  आपल्याच हातानं केलेली वस्तू अन तिच्याकडं पाह्यलं जाईना.

उकंडराव उठला. जलमभर त्यानं उधळलेले बैल धरले. त्यानं बैलाचा कासरा उचलला, फास केला अन नेम धरून फेकला.

"बाबा, नको," एवढंच तिच्या तोंडातून निंगालं.

कासरा चाकात गुंडाळल्या गेला. बाप ओढल्या गेला, बांबूवर आदळला, हातातून दोर सरसर गेला. कडाड झालं अन एक पातं सुटलं. ते पुष्पाबाईच्या, आमच्या मायच्या, डोक्यावरून गेलं अन कडुनिंबाच्या खोडात वीतभर रुतलं. माय पाण्याची कळशी घेऊन येत होती. कळशी तशीच डोक्यावर, माय तशीच उभी.  बापाच्या तळहाताची साल निंगाली होती, अन तो त्या हाताकडं असा पाहत होता जसा दुसऱ्या कोणाचा हाय.

डॉक्टरनं पट्टी बांधली. सांजच्याले संजीवनी चुलीपाशी बसून म्हणे, "उद्या कापून टाका ज्वारी, बाबा. माहं चुकलं." बापानं पाणी पेलं अन कूस बदलली. तिच्या डोळ्यापुढून ते खोडात रुतलेलं पातं काई केल्या हटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तं खुटीवरचा इळा नाई. बाप बी नाई. ती अनवाणीच वावराकडं पळत सुटली.

ज्वारी उभीच होती. बांबूपाशी खाट उभी करून वर भगवंतराव चढले होते, दातात नट धरून, अन खालून उकंडराव एका हातानं सांगत होता, "समोरासमोरच्या भोकात, बे. दोन राह्यले तं दोन." नवीन साखळी, अन ताटाच्या जागी मायची पितळी परात. इळा खाली पडला होता, दोराचे तुकडे त्याच्यापाशी. कासरा कापून बापानं तो शेपटीले बांधला होता.

"बैल अंगावर घेतला का पाडते," तो म्हणे. "त्याचं तोंड वळवा लागते. धर."

संजीवनीनं दोर ओढला. शेपटी वळली, चाकाचं तोंड वाऱ्यातून सरकलं अन पाते हळूहळू मंदावले. तिनं सोडला. ते परत वाऱ्याले भिडलं, परात वाजली, राघू उठले.

उठले अन धुऱ्यापलीकडं जाऊन बसले.

"माह्या मक्यावर, उकंडराव," भगवंतराव खाटेवरूनच म्हणे. "माह्या मक्यावर बसले ना बे."