नंदाखालचा केक आणि माझा समोसा

मी आयुष्यात एकच सायकल डिझाइन केली, आणि तिने पहिल्याच फेरीत एका तीन मजली केकला उठाबशा काढायला लावल्या.

तसा मी सायकलवाला नाही. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात गेली सत्तावीस वर्षं मी लोखंडी कपाटांच्या बिजागऱ्या डिझाइन करतोय. (हसू नका. तुमच्या कपाटाचं दार कुरकुर न करता मिटत असेल तर त्यामागे माझ्यासारख्या कुणाची तरी अख्खी जवानी आहे.) सत्तावीस वर्षं बिजागऱ्यांत काढली की माणसाला जगात दुसरं काही दिसतच नाही. दार बिजागरीवर, गुडघा बिजागरीवर, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा जबडा तर दोन बिजागऱ्यांवर!

माझी बायको वंदना बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये केक करून विकते. केक उत्तम. अडचण एकच, तो पोहोचवण्याची. मागे एका वाढदिवसाला तिने पिसारा फुलवलेला मोर केला होता. रिक्षातून तो आगाशीला पोहोचला तेव्हा यजमानांनी विचारलं, "कोंबडी का काढलीत?"

आणि अशात तिला लग्नाच्या केकची पहिली ऑर्डर आली! जवळच्या नंदाखाल गावच्या रोझीबाय स्वतः घरी आल्या. मुलीचं लग्न होतं.

"तीन मजली पाहिजे," त्या म्हणाल्या. "वर साखरेचे नवरा-नवरी. चांगला आला ना वंदना, तर घरात अजून तीन लग्नं आहेत, ती सगळी तुझी. पण तो मोरासारखा आला, तर भर मंडपात माझ्या पोरीने काय कापायचं? कलिंगड?"

रोझीबाय गेल्या आणि वंदना म्हणाली, "आपण सावंतांची गाडी मागू या."

"सावंतांची?" मी ताडकन उठलो. शेजारच्या सावंतांनी घरात सरकत्या दारांचं कपाट बसवलंय. सरकत्या! एकही बिजागरी नाही! अशा माणसापुढे मी हात पसरणार? "घरात डिझाइनर असताना गाडी कशाला? तुझी सायकल आहे की."

वंदनाची इलेक्ट्रिक सायकल बाजारहाटाला झकास होती. पण मागे लोखंडी कॅरिअर आणि त्याखाली थेट चाक. खड्ड्यातला धक्का सहीशिक्क्यासकट कॅरिअरवर पोहोचायचा! मी मात्र मोबाइलवर डोंगरातल्या सायकली पाहिल्या होत्या. ती माणसं कड्यावरून उडी मारतात, आणि मागचं चाक असं अलगद वर-खाली होतं, जणू मांजर पायऱ्या उतरतंय.

"मागचं चाक म्हणजे काय गं?" मी म्हणालो. "दार! कपाटाचं दार डावी-उजवीकडे उघडतं, हे वर-खाली उघडायचं. बस्स! मधे बिजागरी आली की मी आहे!"

"मला भीती वाटते ती त्याचीच," वंदना म्हणाली.

मी कामाला लागलो. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या, सांध्यांना टाचण्या मारायच्या आणि चाक हलवून बघायचं. पुठ्ठा छान जाड मिळाला, एका बाजूने चंदेरी. (तो कुठून मिळाला ते पुढे येईल.) आठव्या मॉडेलला माझं लिंकेज जमलं: चाक वर उचललं की एक त्रिकोणी पट्टी फिरायची आणि ती शॉकअॅब्सॉर्बरला दाबायची. फक्त शॉकअॅब्सॉर्बर जिथे बसायला हवा, नेमकी तिथेच बॅटरी बसली होती. मी बॅटरी काढली आणि कापडी पिशवीत घालून भाजीसारखी हँडलला लटकवली.

मग गाठला पास्कलला. पास्कल आमचा ग्रिलवाला. खिडकीच्या ग्रिलपासून स्मशानाच्या फाटकापर्यंत काहीही वेल्डिंग करतो आणि करताना प्रश्न विचारतो.

"काका, हा समोसा कशाला?"

"समोसा नाही, रॉकर. धक्का हा घेणार."

"आणि ही वायर?"

"बॅटरीच्या पिशवीतून येईल."

"पिशवी हलली तर?"

"अरे, एवढं सस्पेन्शन लावतोय. हलेल कशी?"

"सस्पेन्शन मागे आहे काका. पिशवी पुढे आहे."

अशा तपशिलात मी शिरत नाही.

शॉकअॅब्सॉर्बर भंगारातल्या एका स्कूटरचा मिळाला. तो मुळात दोन धष्टपुष्ट माणसांसाठी केलेला, त्यामुळे दगडासारखा कडक. मी समोशाची एक बाजू भरपूर लांब केली. पक्कडीचा दांडा लांब केला की कमी जोर लागतो ना, तसं. आता कॅरिअर बोटाने दाबलं तरी चार इंच खाली! निव्वळ लोणी! (त्या शॉकअॅब्सॉर्बरमधलं तेल केव्हाच गळून गेलंय, म्हणजे एकदा ते नाचायला लागलं की थांबायचं नाही, असंही पास्कल काहीतरी म्हणत होता. पण तेव्हा ग्राइंडर चालू होता.)

सोसायटीच्या आवारात मी जाहीर चाचणी घेतली. कॅरिअरवर ताकाने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला आणि सायकल हाताने ढकलत गतिरोधकावरून नेली. एक थेंब सांडला नाही! वॉचमनने टाळ्या वाजवल्या. अर्नाळ्याची जनीमावशी तेवढ्यात मासे घेऊन आली होती. वीस वर्षं ती डोक्यावर टोपली घेऊन आमच्याकडे येतेय.

"मावशी, बघितलंत?" मी छाती फुगवून विचारलं.

"बगितलं. पन हिच्यावर बसनार कोन?"

"मी."

"मंग तू बसून बग ना. ताक काय पायडल मारतंय?"

"अहो मावशी, मोटर आहे! पायडल मारायचा जमाना गेला!"

जनीमावशीने बोंबील तोलता तोलता वंदनाकडे बघितलं. वंदनाने आभाळाकडे बघितलं.

लग्नाचा दिवस उजाडला. केक असा देखणा झाला होता की सोसायटीतल्या बायका येऊन बघून गेल्या. आता तो ठेवायला खाली चंदेरी पुठ्ठ्याचा बोर्ड हवा. वंदनाने खण उघडला.

"अहो, माझे आठ बोर्ड होते. गेले कुठे?"

"आहेत ना," मी म्हणालो. "फक्त त्यांना टाचण्या मारल्यात."

पुढचा संवाद छापण्याजोगा नाही. शेवटी आमच्या लग्नातला लाकडी पाट माळ्यावरून काढला, धुतला, त्याला चांदीचा कागद लावला आणि त्यावर केक चढवला. पाट कॅरिअरला बांधला आणि आमची वरात निघाली. पुढे सायकलवर मी, मागे रिक्षात वंदना, हातात डागडुजीसाठी क्रीमची पिशवी.

पहिली पाच मिनिटं स्वर्ग! मोटर गुणगुणत होती, मागे केक राजासारखा बसला होता. मी वळून वंदनाला हात केला. आणि हात केला म्हणून मला समोरचा खड्डा दिसला नाही.

मागचं चाक त्यातून लोण्यासारखं गेलं. पुढचं गेलं नाही. बॅटरीची पिशवी उडाली, वायर सुटली, मोटर गप्प. वायरचं टोक असं चेमटलं होतं की परत आत जाईना. "हरकत नाही," मी म्हणालो, "पायडल मारतो," आणि जोरात पायडल दाबलं.

सायकल खाली बसली.

पाय सैल केला. सायकल उठली.

पुन्हा दाबलं, बसली. सैल केला, उठली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पायडल दाबलं की साखळी मागच्या चाकाला पुढे ओढते. साध्या सायकलचं चाक ओढलं तरी जाणार कुठे? पण मी त्याचं दार केलं होतं ना! साखळी ओढायची, दार उघडायचं. पाय सैल पडायचा, दार मिटायचं. मी पायडल मारत नव्हतो, कपाट उघडझाप करत होतो! वरती केक.

"अहो!" रिक्षातून वंदना ओरडली. "नवरा बुडतोय!"

"कोणाचा?"

"केकवरचा! घोट्यापर्यंत गेला क्रीममध्ये!"

"नवरी?"

"ती ठीक आहे!" (तिचा झगा रुंद. वजन पसरलेलं. असेना का साखरेचा, पण डिझाइन बघा!)

मला वाटलं, वेग वाढवला की हे हेलकावे विरून जातील. मी भराभर पाय मारू लागलो. झोपाळ्याला बरोबर लयीत धक्के दिले की तो काय करतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं.

"गुडघ्यापर्यंत!" वंदना. "अहो, थांबा! कमरेपर्यंत!"

"काका," रिक्षावाला आनंदाने ओरडला, "केक लय भारी नाचतोय!"

आणि नंदाखालच्या फाट्यावर "कडाड्!" असा आवाज झाला. समोशाचा बोल्ट तुटला, कॅरिअर चाकावर बसलं, चाक जागच्या जागी अडकलं. वंदनाने रिक्षातून उडी मारून पाट धरला म्हणून केक वाचला. पण मंडप अजून वाडीच्या आत, केळीच्या बागांमधून पाऊण किलोमीटर. रिक्षात केक मावेना, वरचा मजला छताला लागत होता. सायकल हलेना. चर्चमधला विधी आटोपला होता, लांबून बँड ऐकू येत होता. वंदना नुसती केककडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरले. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की सरकतं दार तितकंसं वाईट नसतं.

"काय गो, काय झालं?"

बाजार आटपून जनीमावशी त्याच फाट्यावर अर्नाळ्याच्या गाडीची वाट बघत उभी होती. रिकामी टोपली खाली ठेवलेली. तिने सायकल बघितली, केक बघितला, मला बघितलं आणि एका क्षणात सगळं समजली.

"उतरव तो पाट. ठेव माज्या डोक्यावर."

"मावशी, पण तुमच्या टोपलीचा वास..."

"टोपली तुज्या डोक्यावर रे! केक माज्या. खाली चुंबळ पायजे. माजी मासळीच्या पान्यात भिजलीय."

वंदनाने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "अहो, शर्ट काढा."

"इथे? भर रस्त्यात?"

"तिथे नवरा कमरेपर्यंत गेलाय, आणि तुम्हाला शर्टाची पडलीये?"

माझ्या नव्याकोऱ्या शर्टाची वेटोळी चुंबळ झाली. मावशीने मान ताठ केली, आम्ही दोघांनी पाट चढवला आणि ती निघाली. मागे क्रीमची पिशवी धरून वंदना. त्यामागे मी, अंगात बनियन, डोक्यावर माशांची टोपली, टोपलीत बॅटरी.

वाटेत दगड होते, बागांना पाणी नेणारे चर होते, केळीच्या मुळांचे उंचवटे होते. मावशी एका हाताने पाट धरून वंदनाशी सुनेच्या तक्रारी करत चालली होती, आणि वरचं क्रीम हलत नव्हतं! धक्का तिच्या टाचेतून आत शिरायचा आणि गुडघा, कंबर, मान एवढ्या प्रवासात कुठेतरी विरून जायचा. तेल गळत नव्हतं, बोल्ट तुटत नव्हता, बॅटरी लागत नव्हती. मी डिझाइनरच्या नजरेने तिची चाल बघत होतो. वंदनाने वळून माझ्याकडे बघितल्यावर केळीच्या घडाकडे बघू लागलो.

मंडपाच्या दारात मावशी केकसकट क्षणभर उकिडवी बसली आणि वंदनाने विजेच्या वेगाने क्रीमची पिशवी चालवली. तितक्यात बँडवाल्यांनी आम्हाला पाहिलं. डोक्यावर केक घेतलेली कोळीण बघून त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग! त्यांनी जोरदार वाजवायला सुरुवात केली. पाहुणे उठून उभे राहिले. मावशीला आयुष्यात असा मान मिळाला नव्हता. ती सरळ मंडपाच्या मधून, तालावर, संथ पावलं टाकत केकच्या टेबलापर्यंत गेली.

रोझीबाय वाकून केक निरखू लागल्या.

"वंदना, हा नवरा असा खाली का?"

"गुडघ्यावर बसलाय," वंदना शांतपणे म्हणाली. क्रीममध्ये कमरेपर्यंत गेलेल्या त्या बिचाऱ्याच्या हातात तिने क्रीमचं इवलंसं गुलाबाचं फूल दिलं होतं. "मागणी घालतोय."

रोझीबाय हसत सुटल्या. "जावयाला जे जमलं नाही ते केकने केलं!" मग त्यांची नजर माझ्यावर आली. बनियनवर. टोपलीवर. "आणि हे कोण? मावशीचे मदतनीस का?"

"हो," वंदना म्हणाली.

उरलेली तिन्ही लग्नं वंदनाला मिळाली. परवाच रोझीबायचा फोन आला. मी शेजारीच होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं. "नवरा तसाच गुडघ्यावर हवा हां. जनीमावशी तशीच बँडबरोबर हवी. तिला लुगडं मी घेते. आणि तुझ्या मिस्टरांनाही जेवायला आण. म्हणावं, शर्ट घालून या. आणि चालत या."

सायकल आता पार्किंगमध्ये नवा बोल्ट घालून उभी आहे. सावंत येता-जाता तिच्याकडे बघून हसतात. हसू देत. माझं डिझाइन चुकलेलं नाही! आजही तिच्या कॅरिअरवर काठोकाठ भरलेला ताकाचा ग्लास ठेवा, एक थेंब सांडणार नाही. फक्त तिच्यावर कोणी बसायचं नाही.