बायका खाली, पुरुष वर

अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई शहाणी झालेली असते, असं लोक समजतात. मीही समजत होते. आता सत्तरीला टेकल्यावर त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईकडे वळून बघते आणि मला तिची कीवही येते, हसूही येतं. केस काळे करायची, गुडघे दुखतात ते लपवायची, आणि मनात कॉलेजातल्या पोरीसारखी एक इच्छा धरून बसायची. ती इच्छा आधीच सांगून टाकते. नवऱ्याने आपणहून "चल" म्हणावं, हात धरावा आणि समुद्रात गुडघाभर पाण्यापर्यंत न्यावं. बस, एवढंच. मात्र हे आपण बोलून दाखवायचं नाही, त्याला आपलं आपण कळलं पाहिजे. मूर्खपणाच्याही अटी असतात म्हणायच्या.

हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. चौतीस वर्षं आमचा संसार शिफ्टमध्ये झाला. हे रात्रीच्या शिफ्टहून आले की मी दिवसभर घरात चवड्यांवर चालायची. कुकरची शिट्टी व्हायच्या आत उचलून धरायची. मुलगा लहान असताना समजायचा, सगळ्यांचेच बाबा दुपारी झोपतात. एकमेकांशी बोलायचं राहून जातंय, हे जाणवायचं, पण रिटायर झाल्यावर बोलू, असं मनाशी म्हणायचे. जणू बोलणं हे प्रॉव्हिडंट फंडासारखं साठत जातं आणि शेवटी एकदम हातात मिळतं.

मग हे रिटायर झाले. आम्ही क्वार्टर सोडून नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये आलो. मुलगा-सून पुण्याला. दोघंच दिवसभर समोरासमोर. "चहा घेता का?" "घेतो." "पेपर झाला?" "झाला." त्यापुढे आमच्याकडे वाक्यच नव्हतं. एकाच घरात दोन माणसं असूनही घर इतकं रिकामं वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं. कोणाला सांगणार? नवरा दारू पीत नाही, मारत नाही, भाजीला नावं ठेवत नाही. तक्रार करायची तर काय करायची!

अशात यांच्या मित्राने सहलीची टूम काढली. दोघं एकाच खात्यात होते, एकाच महिन्यात रिटायर झालेले. त्याची बायको माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्यांचं लव्ह मॅरेज. ती नवऱ्याला चारचौघांत सरळ "अरे" म्हणायची, आणि मी दरवेळी तोंड वाकडं करायची. मनातून मात्र जळायची. तर या मित्राने कॅराव्हॅन नावाची गाडी शोधून काढली होती. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं, ड्रायव्हर गाडीबरोबर. दिवेआगरपासून किनाऱ्याने गुहागरपर्यंत, पाच दिवस.

माझं माहेर येवल्याकडचं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चमकणारी परातभर गोष्ट. उन्हाळ्यात डोकावलं तर पाण्याआधी कासव दिसायचं. समुद्र मी एकदाच पाहिला होता, मुंबईला एका लग्नाला जाताना टॅक्सीच्या काचेतून, तोही गजरा सांभाळत. त्यामुळे कॅराव्हॅन म्हटल्यावर माझ्या मनात काय काय झालं, ते आता लिहायलाही लाज वाटते. समुद्रात जाण्यासाठी म्हणून मी पंजाबी ड्रेस शिवून घेतला. मोरपंखी. आणि बॅगेत तळाशी लपवला.

वर मात्र काय भरलं? अर्धी गोणी कांदे. बाजरीचं पीठ, ज्वारीचं पीठ, बेसन, लसणाची चटणी, शेंगदाण्याचा कूट, तवा, परात, दोन कुकर. "वहिनी, तिकडे खाणावळी आहेत हो," मित्र म्हणाला. मी म्हटलं, "भाऊजी, पाच दिवस मासे आणि नारळ? तुम्हाला पहिल्याच दिवशी माझ्या पिठल्याची आठवण येईल." गाडीत एक छोटासा संडासही होता. जिथे आपण जेवतो तिथेच कसं जायचं, म्हणून कोणीही त्यात जायचं नाही, असं कसारा घाट उतरायच्या आत एकमताने ठरलं. मग तिथे कांद्याची गोणी ठेवली. भाड्याच्या गाडीतली सगळ्यांत महागडी सोय आम्ही कांद्यांना दिली.

पहिल्या संध्याकाळी दिवेआगरला एका नारळाच्या वाडीत गाडी लागली. झोपायच्या चार जागा होत्या. खाली दोन शेजारी-शेजारी, वर दोन शेजारी-शेजारी. कोण कुठे झोपणार, असा प्रश्न आला. मित्राची बायको सहज म्हणाली, "ताई, तुम्ही दोघं खाली घ्या. तुमचे गुडघे दुखतात. आम्ही वर चढतो."

गुडघ्यांचा उल्लेख मला झोंबला. आणि मधल्या पडद्याआड नवऱ्याशेजारी झोपायचं, वर दुसरं जोडपं, या कल्पनेने कान तापले. मी तोफ डागावी तशी म्हणाले, "छे! असं बरं दिसतं का? बायका खाली, पुरुष वर."

हे म्हणाले, "बरोबर आहे." आणि उशी घेऊन वर चढले.

झालं. जोडप्यांच्या सहलीचं मी एका वाक्यात धर्मशाळेत रूपांतर केलं. एकदा झोपायची फाळणी झाली की बाकीची आपोआप होते. पुरुष चहा पिऊन खुर्च्या टाकून बाहेर, यांची खुर्ची नेहमी मित्राच्या मागे; बायका आत. बायका म्हणजे मीच. मित्राची बायको आपली पाच मिनिटं कांदा चिरायची, डोळे पुसायची आणि "अरे, थांब, मी आले" करत पळायची. गाडी नेहमी दार समुद्राकडे करून लावायचे. म्हणजे ओट्याची खिडकी उलट्या बाजूला. मी पाच दिवस कोकणचा किनारा पाहिला तो असा: दिवेआगरला कुंपणावर वाळत घातलेली कोणाची तरी लुंगी, हर्णैला बर्फाच्या कारखान्याची भिंत. नातीने परवा माझ्या फोनमध्ये त्या सहलीचे फोटो पाहिले. विचारते, "आजी, तू कुठेयस?" मी शोधून दाखवलं. एका फोटोत गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आलाय, हातात झारा आहे. तो माझा.

रोज पहाटे शेजारची गादी हलकी व्हायची. ती उठायची, वरच्या फळीवर दोनदा टकटक करायची. मित्र चोरासारखा खाली उतरायचा आणि दोघं समुद्रावर जायची. मी डोळे मिटून पडून राहायची. वर हे जागे असायचे, मला कळायचं. चौतीस वर्षं त्या श्वासावर घर चालवलं होतं, झोपेतला कुठला आणि जागेपणीचा कुठला हे मला कळणार नाही? हे वर जागे, मी खाली जागी, आणि बाहेर समुद्र. आता उठतील, आता म्हणतील. मी तर पदरही नीट करून ठेवायची. मग उजाडायचं आणि वरून आवाज यायचा, "पाणी तापलं का?"

चौथ्या दिवशी दाभोळची खाडी ओलांडायची होती. गाडी फेरीबोटीवर चढवली आणि आम्ही कठड्याशी उभ्या राहिलो. हे गाडीतच बसून राहिले होते, पेपर वाचत. मित्राच्या बायकोने माझा दंड घट्ट धरला.

"घाबरू नका ताई. दहा-पंधरा मिनिटांचंच आहे."

"मी कशाला घाबरू?"

"तुम्हाला पाण्याची भीती वाटते ना? भाऊजींनी निघायच्या आधीच सांगितलं होतं. तिला समुद्राचा आग्रह करू नका, मला तिच्यापाशी थांबावं लागतं म्हणाले. म्हणून तर आम्ही पहाटे तुम्हाला उठवत नाही."

लग्नाच्या नव्या नवलाईत एकदा गंगेवर गेलो होतो. गंगा म्हणजे आमची गोदावरीच, नाशिकात तिला गंगाच म्हणतात. पाण्यात उतरायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले होते, "नको, साडी भिजेल." तेवढ्यावर या माणसाने छत्तीस वर्षं मला भित्री ठरवून ठेवलं? आणि स्वतः कोण, तर गोदाकाठच्या गावचे, पुरात उड्या मारल्याच्या गोष्टी मुलाला सांगून सांगून पाठ करायला लावणारे. तिथेच गाडीत शिरून विचारायचं होतं, "अहो, असं का सांगितलंत?" पण विचारलं तर भांडण झालं असतं, आणि भांडायची आम्हाला सवयच नव्हती. त्या संध्याकाळी गुहागरला पिठल्यात मिरच्या जरा जास्तच पडल्या. हे नाक पुसत जेवले.

शेवटची पहाट. शेजारची गादी हलकी झाली, टकटक झाली, जोडपं गेलं. मी उठले. गॅस पेटवला नाही. बॅगेच्या तळातून तो मोरपंखी ड्रेस काढला, घडीच्या सुरकुत्यांसकट घातला आणि समुद्रावर गेले. चपला वाळूत काढल्या आणि सरळ आत शिरले. घोटे, पोटऱ्या, गुडघे. पायाखालची वाळू सरकली तेव्हा मी एकटीच "अगंबाई" म्हणाले. कोणी ऐकायला नव्हतं. पाणी कोमट होतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

"अगं, चहा?"

मागे वळले. हे वाळूत उभे. चेहऱ्यावर झोप, हातात रिकामा कप.

आता माझी सगळी अट मी स्वतःच मोडली. म्हणाले, "अहो, या ना."

"तू हो पुढे. मी चपला बघतो."

"चपला कोण नेतंय इथे?"

"कुत्री असतात."

असं म्हणत हे ओल्या वाळूपर्यंत आले. एक लाट आली. हे चार पावलं मागे. लाट परतली, हे दोन पावलं पुढे. पुन्हा लाट, पुन्हा मागे. एका हाताने पायजमा गुडघ्यापाशी घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात कप. नजर माझ्याकडे नव्हतीच. पायांपुढच्या पाण्याकडे होती, साप असावा तशी. मला तेव्हा एका क्षणात सगळं समजलं. बोटीवर गाडीतून का उतरले नाहीत. खुर्ची नेहमी मित्राच्या खुर्चीमागे का. मी भित्री का. छत्तीस वर्षं माझ्या साडीच्या आड कोण उभं होतं.

आणि तरीही ते पुढे येत होते. दोन पावलं का होईना, दरवेळी येत होते.

शहाण्या बाईने काय केलं असतं? चार पावलं मागे येऊन हात धरला असता. आत नेलं नसतं, कडेलाच उभी राहिली असती. मी काय केलं? मी हसले. पोट धरून हसले, आणि माझा आवाज तर काय, आख्ख्या कॉलनीत ओळखला जायचा. ओरडले, "अहो, गोदाकाठचे ना तुम्ही? पुरात उड्या मारायचात ना?"

ते जोडपं तेवढ्यात किनाऱ्याने परत येत होतं. मित्राने ऐकलं आणि तोही खो खो हसला. "काय रे, पाण्याला भितोस? वीजकेंद्रात शेखी मिरवायचास!"

हे काही बोलले नाहीत. माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नव्हे. रात्रपाळीहून आल्यावर दार उघडायला उशीर झाला की बघायचे, तसं. मग वाकून माझ्या चपला उचलल्या, वाळू झटकली आणि गाडीकडे चालू लागले. मी हाक मारली नाही. उलट दाखवायला म्हणून आणखी दोन पावलं आत गेले. कमरेपर्यंत. बघा म्हणावं, मी भीत नाही. तिथे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. समुद्र एवढा मोठा असतो, पण एकट्या माणसाला त्यात करायचं काही नसतं.

अनवाणी परत आले तर चपला गाडीच्या पायरीवर जोडीने ठेवलेल्या होत्या आणि हे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले होते. नाशिकपर्यंत तिथेच बसले. मी मागे, उरलेल्या कांद्यांजवळ. चुकलं, असं त्या प्रवासात म्हणता आलं असतं. पुढे पाच वर्षं होती, त्यातल्या कुठल्याही दिवशी म्हणता आलं असतं. रोज आज म्हणू म्हणायचे. मग यांना छातीत दुखलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलंही.

मित्राच्या बायकोचा अजून अधूनमधून फोन येतो. मागच्या दिवाळीत तिने एकदम विचारलं, "ताई, त्या गुहागरच्या सकाळी भाऊजी असे निघून का गेले हो? आम्हाला नंतर वाईट वाटलं. खरंच भ्यायचे का पाण्याला?"

मी म्हटलं, "हॅट! माणूस गोदाकाठचा. त्यांना सकाळी चहा लागायचा आणि मी केला नव्हता, म्हणून चिडले होते."

तिला पटलं. मला जरा बरं वाटलं. फोन ठेवला तर घरात पुन्हा तेच, पंख्याचा आवाज आणि मी. आणि आता हे सगळं इथे लिहून टाकलं, म्हणजे तेही गुपित फुटलंच. अहो, रागावा आता. तेव्हा नुसते गप्प बसलात, निदान आता तरी रागावा.